उपासनेनंतरच्या सूचना

रविवारची उपासना आटोपत आली की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचे सचिव एक कागद घेऊन उभे राहतात. महिला मंडळाची प्रार्थना सभा कोणाच्या घरी, तरुण संघाचा सराव कोणत्या वारी, शब्बाथशाळेच्या मुलांनी काय पाठ करून यायचे, कोण आजारी आहे, कोणाचे लग्न ठरले आणि बिशपसाहेब कधी येणार, हे सगळे पाच-सात मिनिटांत वाचून होते. सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) या पट्ट्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाढलेल्या कोणालाही हा कागद ओळखीचा आहे. बाहेरच्या माणसाला मात्र त्यातले निम्मे शब्द परके वाटतात. चर्चची यादी, चर्चचा कारभार आणि चर्चचे वर्ष या तिन्ही गोष्टी त्या एका कागदात दडलेल्या असतात, म्हणून तो सावकाश वाचण्यासारखा आहे.

त्या कागदावर दोन वेगळ्या परंपरा एकत्र नांदतात. बिशपांची भेट, दृढीकरण, धर्मप्रांताची परिषद या गोष्टी बिशप असलेल्या अँग्लिकन परंपरेतून आल्या. घरोघरच्या प्रार्थना सभा, कमिटीची निवडणूक, महिला मंडळाचा स्वतंत्र कारभार यांवर ठसा आहे तो बिशप न मानणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांचा. या दोघांची गाठ पडायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

गोष्ट मुंबईत सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. मिशनने 1831मध्ये अहमदनगरला ठाणे केले; दोन वर्षांनी तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. सोलापूरला मिशन पोचले ते 1860च्या दशकात, म्हणजे मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे सोलापूरपर्यंत आली त्याच सुमाराला. हे मिशनरी कॉंग्रिगेशनल पंथाचे. प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला पाळक आपण निवडावा, आपला हिशेब आपण ठेवावा, वरून हुकूम करणारा कोणी नसावा, अशी त्यांची रीत.

अँग्लिकनांची घडी वेगळी होती. मुंबईचा धर्मप्रांत 1837मध्ये निर्माण झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि 1718पासून उभ्या असलेल्या सेंट थॉमस चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. हे चर्च आजही मुंबईच्या फोर्टात उभे आहे. ब्रिटिश अधिकारी, लष्कर आणि रेल्वेचे साहेब यांच्यासाठी अँग्लिकन पाद्री ठिकठिकाणी फिरत. पुढे नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत 1929मध्ये झाला. एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची चर्चे, दोन प्रार्थनापुस्तके, असा तो काळ.

कुर्डुवाडी या दोन्ही प्रवाहांच्या वाटेवर पडते. मुंबई-सोलापूर मार्गावरचे हे स्टेशन पूर्वी बार्शी रोड म्हणून ओळखले जाई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली अडीच फुटी रुंदीची बार्शी लाइट रेल्वे 1897मध्ये इथून बार्शीकडे धावू लागली. 1906मध्ये ती पंढरपूरला आणि 1911मध्ये लातूरला पोचली. इथला रेल्वे कारखाना गावाची ओळख बनला. अशा जंक्शनच्या गावांत नोकरीनिमित्त ठिकठिकाणची माणसे येतात, बदली झाली की पुढे जातात. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला नव्या गावात पहिली ओळख मिळते ती बहुतेकदा रविवारी, आणि जुन्या मंडळीतून आणलेले शिफारसपत्र पाळकांच्या हाती दिले की नाव इथल्या सभासद यादीत चढते.

त्या यादीला चर्चमध्ये मोठे महत्त्व आहे. मतदान, पंच कमिटीवर निवडून येणे, मुलांचा बाप्तिस्मा, लग्न, दफनभूमीत जागा, या सगळ्यांचा धागा यादीशी जोडलेला असतो. म्हणूनच वार्षिक सभेच्या आधी यादी दुरुस्त करण्याची सूचना वाचली जाते, आणि त्या सूचनेकडे एरवी मागच्या बाकावर गप्पा मारणारेही लक्ष देतात.

बिशपवाले आणि बिशप न मानणारे एकत्र आले ते दोन टप्प्यांत. 1924मध्ये प्रेस्बिटेरियन आणि कॉंग्रिगेशनल मंडळ्यांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. त्यानंतर अनेक वर्षांच्या वाटाघाटींनी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, स्थापना झाली. त्यात सहा चर्चे विलीन झाली: युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. नव्या चर्चने एकता, साक्ष आणि सेवा ही तीन उद्दिष्टे पुढे ठेवली. महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मराठवाडा असे धर्मप्रांत आहेत.

तडजोड कशी झाली हे बाप्तिस्म्याच्या उदाहरणातून कळते. अँग्लिकन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांच्या मते माणसाने कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो घ्यावा. सीएनआयने दोन्ही रीती मान्य केल्या आणि कोणती पाळायची हे कुटुंबावर सोडले. बिशपांचे पद सर्वांनी स्वीकारले, पण बिशपांना राज्यघटनेसारख्या लिखित नियमांनी बांधले. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, बिशपांबरोबर पाळक आणि सामान्य सभासदांचे प्रतिनिधीही बसतात. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचे सर्वसाधारण अधिवेशनही तीन वर्षांनी भरते, आणि तिथेही सामान्य सभासदांचे मत मोजले जाते. सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च ही दोन्ही जगभरच्या अँग्लिकन परिवाराची सभासद आहेत.

कागदावरचे विलीनीकरण जमिनीवर मात्र सरळ उतरत नाही. जुन्या मिशनच्या जमिनी, शाळा, दवाखाने वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावे नोंदलेले होते. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विलीनीकरणाचा ठराव करून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते, असे न्यायालयाने 2013मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडची नोंद, लेखापरीक्षण आणि फेरफार अर्ज हेही आता चर्चच्या बातम्यांचा भाग आहेत. पंच कमिटीवर एखादा निवृत्त कारकून किंवा वकील असावा, असे सगळ्यांना वाटते ते यामुळेच.

लग्नाची सूचना हा बातम्यांचा सर्वांत आवडता भाग. अँग्लिकन रीतीत ठरलेल्या लग्नाची घोषणा तीन रविवारी चर्चमध्ये होते. कोणाला कायदेशीर हरकत असेल तर त्याने पुढे यावे, असे विचारले जाते. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही लग्नाची सूचना चर्चमध्ये ठळक जागी लावण्याची तरतूद आहे. याच कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागावे लागते. रात्रीच्या वरातीची हौस असलेल्या नातेवाइकांना पाळकसाहेब हे कलम दाखवतात.

छापील बातम्यांचा वारसाही याच मातीतला. अमेरिकन मराठी मिशनने 1842मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले. ‘दर्पण’ निघून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. धर्मचर्चेबरोबर भूगोल, विज्ञान, प्राणी आणि सामाजिक सुधारणा हे विषय ‘ज्ञानोदय’त येत. हिंदू पत्रांशी त्याचे वाद गाजले. कादंबरीकार बाबा पदमनजी यांच्या घडणीतही या मिशनरी पत्रविश्वाचा वाटा होता. 1912पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे आले आणि 9 मे 1919ला निधन होईपर्यंत ते त्यांनी सांभाळले. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत. टाळ-मृदंगाची साथ घेऊन येशूचे चरित्र कीर्तनातून सांगण्याची पद्धत त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनीही रुजवली होती. पंढरपूरपासून हाकेच्या अंतरावरच्या या भागात तो सूर परका वाटला नाही यात नवल नाही.

मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरच, पुणे आणि दौंड यांच्या मध्ये, केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी मुंबईत 11 मार्च 1889ला सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्याला आणि अखेर केडगावला आले. दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि विधवा यांना तिथे आसरा आणि हाताला काम मिळाले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता, पण त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या चौकटीत स्वतःला बांधून घेतले नाही. तरी त्यांच्या मृत्यूचा दिवस, 5 एप्रिल, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत त्यांच्या स्मरणासाठी नोंदलेला आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये त्यांचे स्मरण 30 एप्रिलला होते. बोस्टन किंवा शिकागोतल्या एखाद्या चर्चच्या साप्ताहिक पत्रकात केडगावच्या बाईंचे नाव येते ते असे.

अमेरिकन मराठी मिशनची सोलापुरातली कामे बहुतेक शिक्षणाची. मेरी हार्डिंग यांचे नाव तिथल्या बालशिक्षणाशी जोडलेले आहे. 1899-1900च्या दुष्काळानंतर मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांमुळे शाळा, वसतिगृहे आणि हस्तोद्योग यांचा पसारा वाढला. त्या मुलांतून पुढे शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी झाले आणि त्यांच्या नातवंडांनी आजच्या मंडळ्या भरल्या आहेत.

आता पुढच्या तारखा. चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि वर्ष बदलते. 2026मध्ये हा रविवार 29 नोव्हेंबरला येतो. 1970ची 29 नोव्हेंबरही आगमनकाळाचा पहिला रविवारच होती, तेव्हा या वर्षी सीएनआयचा स्थापना दिन आणि नव्या वर्षाचा आरंभ पुन्हा जुळतो. त्यानंतर कॅरलची पथके घरोघर फिरतात; गिटार आणि ढोलकी एकत्र वाजते, चहा-करंज्या होतात आणि वर्गणी जमते. 24 डिसेंबरच्या रात्रीची उपासना, नाताळाचे नाटक, 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीची आभारप्रार्थना हा ठरलेला क्रम. जानेवारीत 18 ते 25 या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह असतो. शहरांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्या तेव्हा एकमेकांकडे जातात.

2027मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे. तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे 5 तारखेला, जागतिक प्रार्थना दिन येतो. ही संपूर्णपणे स्त्रियांनी चालवलेली उपासना. दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया तिचा मजकूर लिहितात आणि जगभर तोच वाचला जातो. 2026चा मजकूर नायजेरियातल्या स्त्रियांनी लिहिला. त्या दिवशी वेदीजवळ उभे राहून प्रवचन करणारी बाई एरवी महिला मंडळाची खजिनदार असते. बिशपपदावर स्त्री बसायला भारतात 2013 साल उजाडावे लागले. दक्षिण भारतातील चर्चच्या नंद्याल धर्मप्रांतात एग्गोनी पुष्पललिता बिशप झाल्या.

ईस्टरची तारीख बदलती असते, कारण ती चंद्राशी बांधलेली आहे. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा ढोबळ नियम. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही येतो आणि पंचांग पाहणाऱ्याला सहज ताडता येतो. 2026मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुड फ्रायडे 3ला आणि ईस्टर 5ला होता. 2027मध्ये ईस्टर 28 मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी पडतो. त्याआधी झावळ्यांचा रविवार 21ला आणि गुड फ्रायडे 26ला. गुड फ्रायडेला दुपारी वधस्तंभावरच्या सात वाक्यांवर सात जण बोलतात, आणि सात वक्ते ठरवणे हे पाळकसाहेबांसमोरचे त्या महिन्यातले सर्वांत नाजूक काम असते.

ज्वारीची सुगी संपली की हंगामाचा सण होतो. शेतातली कणसे, ऊस, भाजी, अंडी, कोंबड्या वेदीपुढे ठेवल्या जातात आणि उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. पाव किलो मिरचीची बोली कधीकधी पाचशेवर जाते, कारण पैसे चर्चच्या निधीत जाणार असतात आणि शेजारच्याला हरवायचेही असते.

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की मुलांची बायबल शाळा भरते: गाणी, चित्रे, खेळ, शेवटच्या दिवशी कार्यक्रम. पेंटेकॉस्टचा सण 16 मे 2027ला आहे. बिशपांचा दौरा ठरला असेल तर दृढीकरणही साधारण याच सुमारास होते. आठवीनववीच्या मुलामुलींचे वर्ग त्याआधी काही आठवडे चालतात, बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मग ती मुले मोठ्यांबरोबर प्रभुभोजन घेऊ लागतात. पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंत मोठे सण नसलेले महिने लागतात. पंच कमिटी त्या काळात 31 मार्चअखेरचे हिशेब तपासून घेते, छत गळते का ते पाहते, पाळकांच्या पगाराचा आणि धर्मप्रांताला पाठवायच्या हिश्श्याचा मेळ घालते आणि कॅरलच्या पथकासाठी नवीन ढोलकी घ्यायची की जुनीच मढवून आणायची यावर वाद घालते.