यंत्राची कुरकुर

सहकारी साखर कारखान्यांची गोष्ट निघाली कीं नगर जिल्ह्याचें नांव प्रथम ओठीं यावयाचेंच. लोणीजवळ प्रवरानगर येथें कै. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें उभारलेला कारखाना १९५० सालचा. जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. हंगामांतील ऊसगाड्यांच्या रांगा मात्र त्याच आहेत.

या धंद्यांतील कच्चा माल कोणासाठीं थांबत नाहीं. तोडलेला ऊस सुकतो, त्यांतील साखरेचें हळूहळू ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊन उतारा खालावतो. गाळप चालू असतां एखादी गिअरपेटी मोडली तर मोळ्या गव्हाणींत पडून राहतात, चिपाडाअभावीं बॉयलरही मंदावतो, आणि रांगेंतील गाडी काट्यावर चढेपर्यंत हलकी होते. शेतकऱ्याचे पैसे वजनावर, तोडकऱ्याची मजुरीही टनावरच!

मोडणारें यंत्र बहुधा आधीं कुरकुरतें. जात्यास टाकी लावण्याची वेळ आली हें आमच्या आजीबाई त्याच्या घरघरीवरून ओळखीत. मुरलेला फिटरही बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीस कान लावतो. हेंच काम आतां संगणकास शिकवितां येतें. मोटर, पंप, पंखे यांवर कंपन व उष्णता मोजणारीं लहान उपकरणें बसवितात. यंत्र निरोगी असतांनाचीं मापें दीर्घकाळ पाहून त्याची नेहमींची चाल संगणकाच्या ओळखीची होते. चालींत फरक पडतांच तो सूचना देतो. बेअरिंगच्या कडीस सूक्ष्म तडा गेला कीं कंपनांत ठराविक लयीचे ठोके उमटतात, आणि ते कानास ऐकूं येण्यापूर्वींच मापांत दिसूं शकतात.

यास कोणी ज्योतिष म्हणतात, तें आम्हांस रुचत नाहीं. ज्योतिषी चुकला तरी दक्षिणा परत करीत नाहीं; येथें मात्र खोट्या सूचनेवरून थांबविलेलें गाळप म्हणजेही सुकलेला ऊसच. शिवाय मोठे बिघाड क्वचित् होत असल्यानें शिकावयास उदाहरणें थोडीं, आणि वर्षांतून कांहीं महिनेच चालणाऱ्या कारखान्यांत तर फारच थोडीं. पावसाळ्यांतील दुरुस्तीनंतर यंत्राची चालही बदलते. ओळख पुन्हां करून घ्यावी लागते. म्हणून कोणता भाग, कोणत्या दिवशीं, कशानें गेला हें फिटरनें वहींत नीट लिहून ठेवणें आम्हांस महागड्या उपकरणांइतकेंच मोलाचें वाटतें. ती वही नसेल तर मापांतील फरक संगणकास दिसेल खरा, पण तो वंगण संपल्याचा कीं तडा गेल्याचा, हें ठरविण्यास शेवटीं त्या फिटरलाच हांक मारावी लागेल.