अग्निबाणाच्या इंजिनाचे चिलखत

अग्निबाणाच्या इंजिनाला पोटातील आगीइतकाच धोका बाहेरच्या आगीचाही असतो. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या ‘सॅटर्न-५’च्या पहिल्या टप्प्यात पाच ‘एफ-१’ इंजिने शेजारी शेजारी बसवलेली असत. प्रत्येकाचा रेटा सुमारे ६९० टन. उंचीवर हवा विरळ झाली की त्यांचे झोत पसरून एकमेकांत मिसळत आणि तप्त वायूंचा काही भाग उलटून इंजिनांकडेच येई. ही झळ सुमारे १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाईल, असे धरून आवरणाची आखणी झाली होती. दहनकक्षाच्या भिंतीतील नळ्यांतून इंधन खेळवून ती थंड राखली जाई. बाहेरच्या तारा, नळ्या आणि झडपा मात्र उघड्याच होत्या.

म्हणून मोठ्या, सरळ पृष्ठभागांवर अ‍ॅस्बेस्टॉसच्या गाद्या आणि वेड्यावाकड्या भागांवर धातूच्या पातळ पत्र्याचे उष्णतारोधक थर चढवले गेले. पण आवरण चढवणे वेगळे आणि ते टिकवणे वेगळे. प्रचंड थरथराटात साधा नटही सैल होतो आणि एक गादी सरकली तरी त्या फटीतून झळ आत शिरते. त्यासाठी क्लॅम्प, आटे पाडलेले खुंट आणि कडी बसवलेली छिद्रे यांची योजना होती. काही ठिकाणी तर खुंटाखुंटांतून तार ओवून आवरण जखडले जाई.

संग्रहालयांत ही इंजिने बहुधा आवरणाविना मांडलेली असतात. चंद्राकडे निघताना मात्र त्यांच्या अंगावर हे चिलखत होते आणि त्याची भिस्त या तारा-खुंटांवर होती.