पालघर चालतं, शिरगाव अडतं

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर सुरू होईना की बोईसरच्या एमआयडीसीतला स्टोअरकीपर असो की पालघरचा औषध दुकानदार, पहिला प्रश्न एकच: डेटा गेला का? बहुतेक वेळा गेलेला नसतो. विंडोजवर मायएसक्यूएलचा प्रोग्राम राहतो 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आणि माहिती राहते 'प्रोग्रामडेटा' या वेगळ्या फोल्डरमध्ये. हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून तो नाहीच असं वाटतं.

१०६७ नंबरची एरर म्हणजे फाइल खराब, हाही समजच. विंडोज त्यातून एवढंच सांगतं की प्रोग्राम मध्येच बंद पडला. कारण सापडतं डेटा फोल्डरमध्ये, कॉम्प्युटरच्याच नावाच्या 'ईआरआर' एक्स्टेन्शनच्या फाइलीत. ती नोटपॅडमध्ये उघडून शेवटाकडून वर वाचत जावी. आजच्या तारखेची एकही ओळ नसेल, तर सर्व्हर या फोल्डरपर्यंत पोचलेलाच नाही. मग संशय सर्व्हरला दिलेल्या फोल्डरच्या पत्त्यावर घ्यायचा.

आणि पत्त्याची गंमत आपल्याच भागातल्या नावांवर नीट दिसते. समजा सी ड्राइव्ह भरत आला म्हणून डेटा डी ड्राइव्हवर हलवला, फोल्डरला इंग्रजी लहान अक्षरांत 'शिरगाव' नाव दिलं आणि 'माय डॉट आयएनआय' या सेटिंग्जच्या फाइलीत तसा पत्ता लिहिला. फोल्डर डोळ्यांसमोर आहे, सर्व्हर मात्र सापडत नाही म्हणतो. कारण या फाइलीत बॅकस्लॅशपुढे लहान एस आला की मायएसक्यूएल दोन्ही मिळून एक रिकामी जागा समजतं. टी आला की टॅब, बी आला की बॅकस्पेस, एन आला की नवी ओळ. म्हणजे शिरगाव, सातपाटी, सफाळे, तारापूर, बोईसर, नांदगाव सगळे अडणार. पालघर, केळवे, डहाणू, वाणगाव बिनधास्त चालणार! पहिलं अक्षर कॅपिटल केलं तर शिरगावही चालतं, त्यामुळे एका मशीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असा घोळ होतो. उपाय साधा: पत्त्यात सरळ स्लॅश वापरायचा, नाहीतर बॅकस्लॅश दोनदा लिहायचा.

पत्ता बरोबर असूनही अडलं, तर आपण भलतीच फाइल तर बदलली नाही ना, ते बघावं. 'सर्व्हिसेस'मध्ये मायएसक्यूएलवर डबल क्लिक केलं की कोणती 'आयएनआय' वाचली जाते ते दिसतं. नव्या फोल्डरवर त्या सर्व्हिसच्या खात्याला लिहिण्याची परवानगीही लागते. माणसाला फोल्डर उघडता आला म्हणजे सर्व्हरलाही येतो असं नाही.

'काढून परत टाकू' हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. दुसरी आवृत्ती टाकली की ती स्वतःचा कोरा डेटा फोल्डर बनवते. जुना शेजारीच पडून असतो आणि दुकानदार समजतो सगळं पुसलं गेलं. इन्स्टॉलर मात्र काढताना डेटाही काढू का विचारतो. घाईत तिथे 'हो' म्हटलं, तर ते खरंच पुसलं जातं. म्हणून काहीही करण्याआधी सर्व्हिस बंद करून डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावा. सर्व्हिस चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नसते.

लाईट गेल्यावर सर्व्हर उठायला वेळ लावतो, तेव्हाही तो बिघडलेलाच असतो असं नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे इंजिन आपल्या लॉगवरून अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरत असतं. त्याला मध्येच मारू नये. 'आयबीडेटा१' फाइल डिलीट करा म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नये. इनोडीबीचा स्वतःचा कारभार सांभाळणारी माहिती तिच्यात असते. 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' ही सेटिंग १ पासून चढवत नेता येते, पण ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो.

एक्सएएमपीपी वापरणाऱ्यांसाठी एवढंच: २०१५पासून त्यात मायएसक्यूएल नावाखाली मारियाडीबी येतं. त्याच मशीनवर खरं मायएसक्यूएलही असेल, तर दोघांनाही ३३०६ हाच पोर्ट हवा असतो. जो आधी उठला त्याला तो मिळतो.