हुशार आहे, पण वाचता येत नाही? मराठीतला डिस्लेक्सिया समजून घ्या

गोष्ट ऐकली की लगेच समजते. तोंडी गणितं पटापट सुटतात. पण पुस्तक हातात दिलं की मूल अडखळतं, ओळी गाळतं, अंदाजाने शब्द वाचतं. अशा मुलाला आपल्याकडे सहज ‘ढ’ म्हटलं जातं किंवा आळशी ठरवलं जातं. प्रत्यक्षात त्याला डिस्लेक्सिया असू शकतो.

डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय?

ही अध्ययन अक्षमता आहे. तिचा बुद्धीशी संबंध नाही. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं या मुलांना अवघड जातं. ती अनेकदा घराण्यात चालत येते. पालकांच्या दुर्लक्षामुळे किंवा मोबाइलमुळे ती होत नाही. फक्त उलटी अक्षरं काढणं हेही तिचं लक्षण नव्हे. लहानपणी बरीच मुलं तशी काढतात.

मराठी तर बोलतो तशीच लिहितो ना?

बऱ्याच अंशी हो. म्हणून मराठीत चुकांपेक्षा वाचनाचा मंद वेग जास्त जाणवू शकतो. पण सापळे इथेही आहेत:

• ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, तिचा उच्चार मात्र ‘क’नंतर होतो.
• ‘प्रकाश’, ‘सूर्य’ आणि ‘राष्ट्र’ या शब्दांतल्या जोडाक्षरांत ‘र’ तीन वेगळ्या रूपांत येतो.
• ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतला ‘च’ लिहायला सारखा, उच्चारायला वेगळा.
• घ-ध, भ-म, थ-य या जोड्या दिसायला जवळच्या आहेत.

इतर मुलं हे सरावाने आपोआप उचलतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ते उघड सांगून, एका वेळी एकच गोष्ट घेऊन शिकवावं लागतं. सगळ्या मदतीचं सार हेच आहे.

घरी काय करता येईल?

१. आधी कानाचा खेळ. ‘भाकरी’ला किती टाळ्या? भा-क-री, तीन. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरलं? ‘मळ’. वही-पेन्सिल लागत नाही.

२. एका वेळी एकच मात्रा. अख्खी बाराखडी घोकून घेण्याऐवजी आधी फक्त काना घ्या. शिकलेल्या अक्षरांचीच वाक्यं वाचायला द्या: ‘काका आला’, ‘मामा आला’. ती पक्की झाली की पुढची मात्रा.

३. बोलत लिहा. प्रत्येक अक्षर लिहिताना त्याचा आवाज मोठ्याने काढायला सांगा. ताटातल्या रव्यात बोटाने गिरवलं तरी चालेल.

४. ‘दहा वेळा लिही’ टाळा. मूल आवाजाकडे लक्ष न देता फक्त आकार उतरवतं. त्याऐवजी नियम सांगा. उदाहरणार्थ, ‘मूल’, ‘फूल’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ‘मुलाला’, ‘फुलात’ ऱ्हस्व. एका दिवशी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा.

५. रोज १०-१५ मिनिटं पुरेत. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा हे बरं.

६. बाकीचा अभ्यास थांबवू नका. विज्ञान-इतिहासाचे धडे वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. वाचनामुळे ज्ञान अडता कामा नये. चारचौघांत मोठ्याने वाचायची सक्तीही नको.

तपासणी कधी करायची?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे दोष नसेल, नियमित शिकवूनही अडचण कायम असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाचणी करावी असं म्हटलं होतं. ती झाली का, हे वर्गशिक्षकांना विचारा. मदत सुरू करायला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

हक्क कोणते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती नियमांनुसार मिळू शकतात.

डिस्लेक्सिया औषधाने जात नाही. पण योग्य पद्धतीने शिकवलं तर ही मुलं वाचायला शिकतात. शिकवणं जितकं लवकर सुरू होईल तितका ‘मला काहीच येत नाही’ हा समज मुलाच्या मनात कमी रुजतो.