मशेरी दातांसाठी नसते, ती तंबाखूच असते

गावाकडे अजूनही सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा खमंग-उग्र वास येतो. काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दाता-हिरड्यांवर घासायची. आजी, काकू, मावशी, सगळ्या "दात घासते" म्हणतात. कुणी "तंबाखू खाते" म्हणत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. डॉक्टरांनी व्यसन विचारलं की उत्तर येतं, "छे, काही नाही!"

भाजल्याने तंबाखूचं विष जात नाही. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा घासल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातली नायट्रोसामाइन्स तोंडाच्या पेशींना इजा करत राहतात. तंबाखूऐवजी नुसती सुपारी चघळावी म्हटलं, तर तीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते, तोंड कमी उघडू लागतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, घरीच बघा.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? ती आपणच घालायची.

या रविवारी आईला, आजीला उजेडात बसवा. तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा गाठ दिसली, तर दुखत नसली तरी दंतवैद्याकडे न्या. आणि सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.