घरात मुरलेला पीएफ

'पीएफ आता शंभर टक्के काढता येणार' हा मथळा वाचून चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी ठेका कामगारांनी मनातल्या मनात स्लॅब टाकलाही असेल. 13 ऑक्टोबर 2025 ला भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला, त्यातले शंभर टक्के खरे आहेत. पण ते काढण्याजोग्या रकमेचे. वर्गणीचा चौथा हिस्सा खात्यात राहिलाच पाहिजे, हेही त्याच बैठकीत ठरलं. म्हणजे हातात पंच्याहत्तर. उचलीच्या तेरा तरतुदींच्या तीन केल्या, त्यात घर आलं आणि नोकरीची अट बारा महिन्यांवर आली. चांगलंच झालं. फक्त घराच्या बाबतीत आडवा येत होता तो नियम कमी आणि तुटपुंजी शिल्लक जास्त.

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातला किंवा दुर्गापूरच्या वीज केंद्रातला ठेका कामगार घ्या, पीएफसाठी धरलेला पगार 15,000. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800 कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले 1,250 पेन्शनकडे वळतात आणि पीएफला उरतात 550. महिन्याला 2,350. पाच वर्षं एकही खाडा न पडता भरले तरी 1 लाख 41 हजार, व्याज वेगळं. जुन्या नियमात घर बांधायला छत्तीस महिन्यांच्या पगाराएवढी, म्हणजे 5 लाख 40 हजारांची मर्यादा होती. खात्यात नसलेल्या पैशांना मर्यादा घालून उपयोग काय? आता वर्गणीतले 35,250 राखून 1 लाख 5 हजार 750 आणि व्याजातलं काही हाती येईल. दुर्गम भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदानच 1 लाख 30 हजार आहे. रेती, सळाख, मिस्त्रीची मजुरी यांचे भाव विचारून पाहा, म्हणजे यातून जोत्याच्या वर किती चढता येतं ते कळेल.

शिवाय 'एकही खाडा न पडता' हे लिहायला सोपं. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, माणूस त्याच गेटमधून आत जातो. पण यूएएन एकच असला तरी त्याखाली नवा खातेक्रमांक उघडतो. जुनी रक्कम वळती करायची राहते, आधीच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. (शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती कामगाराला स्वतः भरता येते. ही सोय मथळ्यात कधीच येत नाही.) पूर्वी दोन महिने काम नसलं की लोक खातं साफ करून मोकळे होत. आता बेकारीत पंच्याहत्तर टक्के लगेच, उरलेलं वर्षभराने. संघटनांना हे जाचक वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण सिंगापुरात आहे.

तिथला मध्यवर्ती भविष्य निधी 1955 चा. 1968 पासून त्यातून सरकारी फ्लॅट घेता येऊ लागला. मात्र फ्लॅट विकला की उचललेली रक्कम आणि ती खात्यात राहिली असती तर मिळालं असतं ते व्याज, दोन्ही विक्रीच्या पैशांतून आपल्याच खात्यात परत भरावं लागतं. म्हातारपणाचा पैसा घरातून फिरून म्हातारपणाकडे येतो. आपल्याकडे घरासाठीची उचल परत करायची नसते. सहा महिन्यांत बांधकाम सुरू करा, उरलेली रक्कम परत भरा, गैरवापर झाला तर दंडव्याजासह वसुली, असं जुन्या योजनेत होतं खरं. 2017 पासून स्वयंघोषणा पुरेशी झाली, खर्चाचा दाखला कोणी मागेना. कामगाराचे हेलपाटे वाचले, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण परताव्याचं कलम शोभेपुरतंच उरलं.

मग सिंगापूरचा नियम इथे आणावा का? गडचिरोलीतल्या एटापल्लीत किंवा कोरचीत तो लागू करून बघा. गावठाणातलं वडिलोपार्जित घर, कवेलू काढून स्लॅब टाकलेला; ते विकणार कोण आणि घेणार कोण? आदिवासीची जमीन तर बिगरआदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय विकताच येत नाही, आणि तसंच असायला हवं. कोनसरीच्या लोहप्रकल्पात लागलेल्या पोराचा पीएफ अशा घरात गेला की तिथेच मुरला. म्हणून तो राखलेला चौथा हिस्सा मला महत्त्वाचा वाटतो. सिंगापुरात जे काम घराची विक्री करते, ते इथे त्या पंचवीस टक्क्यांनाच करायचं आहे. पंधरा हजारांच्या पगारावर ते तुटपुंजं पडेल, हेही तितकंच खरं.

सास्ती, माजरी, लालपेठचा वेकोलिचा (वेस्टर्न कोलफील्ड्सचा) कोळसा खाणकामगार मात्र या बातमीत नाहीच. त्याचा निधी वेगळा: 1948 च्या कायद्याचा, धनबादहून चालणारा. शंभर टक्क्यांच्या आनंदात हे सांगायचं बहुतेकांकडून राहून गेलं. त्या निधीचे पैसे डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या रोख्यांत अडकले होते. 2021 मध्ये कंपनी पिरामलकडे गेली, तेव्हा रोखेधारकांच्या हाती पूर्ण रक्कम आली नाही. घर बांधायला उचल मागणाऱ्या कामगाराला अर्जावर कारण लिहावं लागतं. हे पैसे गुंतवताना त्याला कोणी विचारलं नव्हतं.