ढाळज पडली, किल्लारी उरली

गेल्या उन्हाळ्यात धावड्यातल्या आमच्या घराची दारालगतची बसायची ढाळज पाडली. जेसीबीला अर्धा दिवसही लागला नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कोल्हापूरजवळ कणेरी मठावर नेलं, सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय दाखवायला. घरचं पाडायचं आणि तसलंच परगावी तिकीट काढून बघायचं, हा उलटा कारभार आमचाच.

तिथे कुंभार, लोहार, चांभार, जोशी, सगळे आपापल्या कामात गढलेले आणि सगळे सिमेंटचे. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण बारा बलुतेदारांचा हा संसार जितका गुण्यागोविंदाचा दिसतो, तितका आमच्याकडे कधीच नव्हता. कुणी ओसरीवर बसायचं आणि कुणी अंगणातूनच बोलायचं, हे गावात न सांगता ठरलेलं असे. ते मूर्तीत येत नाही. स्टॉकहोमला १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं, तेव्हा त्याचा संस्थापक हाझेलियस यानं ठिकठिकाणची खरी घरं सोडवून आणून तिथे उभी केली. भोपाळच्या मानव संग्रहालयात तर आदिवासींनी स्वतःच आपली घरं बांधली. आमच्या भोकरदन तालुक्याचं एवढंच, की १९७३ मध्ये उत्खनन झालं, सातवाहनकाळातलं भोगवर्धन सापडलं, हस्तिदंताच्या बाहुलीचं कौतुक झालं. जमिनीखालचं ते वैभव. जमिनीवरच्या मातीच्या माळवदाकडे बघायला कुणी आलं नाही.

सत्तर-ऐंशीची दशकं मी सोडून देतो. दुष्काळ आणि रोजगार हमीवर लिहायला पुष्कळ जण आहेत. माळवदं गेली ती १९९३ नंतरच्या दहा वर्षांत. तोवर मृगाच्या आधी पांढरीतून गाढवांवर माती यायची. तुळया, त्यावर किलच, त्यावर पाला आणि वर ती माती धुमसानं चोपून बसवलेली. पन्हाळी मोकळ्या करायच्या, पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटायचं. झड लागली की सवण्यावर फुटकी घमेली पालथी घालायची, आणि तरीही एखादा कोपरा गळायचाच. त्याच्याखाली पातेलं. हे सगळं दरवर्षी, न चुकता. माळवद म्हणजे दारची म्हैस. रोज हात लागला तरच दूध.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादकडची गावं दगडमातीखाली गेली, हजारो माणसं झोपेत मेली. आमचा जालना जिल्हा बराच लांब. पण त्या रात्रीपासून इथेही आया लेकरांना घेऊन अंगणात निजू लागल्या. ती भीती खरी होती, तिला मी हसणार नाही. माझा राग आहे तो त्यानंतर आलेल्या शहाण्यांवर. पारावर सभा घेऊन एका साहेबानं सांगितलं, माती म्हणजे मरण. किल्लारीत नेमकं काय पडलं, हे त्यानं सांगितलं नाही. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांना आरपार बांधणारे दगड नाहीत आणि वर मातीचं अवजड ओझं. कित्येक घरांत सागवानी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या, पडल्या त्या भिंती. वरचं ओझं कमी करा, भिंती बांधून घ्या, असंही सांगता आलं असतं. पण त्यात कुणाचं गुत्तं निघत नव्हतं.

मग पत्रे आले, मागोमाग स्लॅब. सळईला तोटा नाही, जालन्याच्या रोलिंग मिल आहेतच. जुनं सागवान व्यापाऱ्यांनी मातीमोल भावानं उचललं. त्यातले नक्षीचे खांब आता शहरातल्या हॉटेलांत 'गावरान' जेवणाची शोभा वाढवतात. पुढे सरकारी घरकुलं आली, एक लाख वीस हजारांची आणि पंचवीस चौरस मीटरची. त्यात ओसरी कुठे काढणार? आणि खरं सांगायचं तर भूकंप निमित्त झाला. धुमस धरणारे हात पुण्या-औरंगाबादच्या कंपन्यांत गेले होते, घरातल्या बायकाही सारवून सारवून कंटाळल्या होत्या. आमच्या काकूनं स्लॅब पडला त्या दिवशी पेढे वाटले. तिला काय म्हणणार?

कणेरीहून परतताना पुतण्याच्या डोक्यात किडा शिरला, मळ्यात एक मातीचं घर बांधू, पर्यटक येतील. पंचक्रोशीत चौकशी केली. माळवद घालणारा एक म्हातारा भेटला, त्याचे गुडघे गेलेले, शिडी चढत नाही. दुसरा तरुण गवंडी लगेच तयार झाला. जागा बघितली, दोरी लावली आणि विचारलं, "कॉलमला सळई किती एमएमची घ्यायची? वरून माती लिंपून देतो, कळणार नाही कुणाला."